पॅनिक थांबला, पण ती कमांड कुठे गेली? स्टोरेज ड्रायव्हरच्या बग-फिक्सचा रिव्ह्यू

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीचं स्वतःचं पीसीआय-एक्सप्रेस स्टोरेज कार्ड आहे आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) एनव्हीएमईच्या, म्हणजे एसएसडीशी बोलण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या, धर्तीवर घरीच लिहिलेला आहे. एआरएम प्रोसेसरच्या सर्व्हरवर भरपूर लोड दिला की कम्प्लिशन हँडलरमध्ये (कार्डाने काम झाल्याचं कळवल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) नल, म्हणजे रिकाम्या, पॉइंटरवरून कर्नल पॅनिक होतो, म्हणजे अख्खं मशीन कोसळतं. लॅबमधल्या एक्स86 मशीनवर होत नाही. ड्रायव्हर एका टेबलात प्रत्येक टॅगसमोर (कमांडला दिलेल्या क्रमांकासमोर) त्या रिक्वेस्टचा पॉइंटर ठेवतो आणि काम झालं की पुसतो. सहकाऱ्याने दिलेल्या पॅचमध्ये (कोडच्या दुरुस्तीत) दोन बदल आहेत: टॅगसमोर पॉइंटर सापडला नाही तर ती नोंद सोडून पुढे जायचं, आणि आय-ओ टाइमआउट (कार्डाच्या उत्तराची वाट बघण्याची मर्यादा) 30 सेकंदांवरून 120 वर न्यायचा. सोबत लिहिलंय, "रात्रभर टेस्ट चालवली, पॅनिक नाही. अधूनमधून टाइमआउट यायला लागले म्हणून तोही वाढवला." विचारणारे टीममध्ये नवे आहेत आणि रिव्ह्यू त्यांच्याकडे आलाय. "लॉक बरोबर दिसतात, कोड स्वच्छ आहे. अजून काय बघायचं असतं?"

तुमचा कोड समोर नसताना बग अमुकच ओळीत आहे असं छातीठोक सांगता येणार नाही. कार्डाचं फर्मवेअर (कार्डावरचा कोड), कर्नलची आवृत्ती, आयओएमएमयू (कार्डाने कोणती मेमरी वापरायची यावर पहारा ठेवणारं हार्डवेअर) चालू आहे की बंद, यावर बरंच अवलंबून आहे. पण तुम्ही दिलेल्या माहितीवर एवढं नक्की म्हणेन की आहे त्या रूपात हा पॅच पास करू नका. कोडमध्ये चूक आहे म्हणून नाही. नल-चेक व्यवस्थितच लिहिलेला असेल. पण कार्डाने "काम झालं" म्हणून सांगितलं आणि आपल्याला त्या कामाचा मालक सापडला नाही, तर मग ज्याचं काम खरंच झालं तो कुठे आहे, या प्रश्नाला पॅचमध्ये उत्तर नाही. तुम्हाला रिव्ह्यू करायचाय तो या प्रश्नाचा.

पॅचमधला दुसरा बदल मला पहिल्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. लेखकाचं वाक्य परत वाचा: टाइमआउट यायला *लागले*. म्हणजे नल-चेक घातल्यावर यायला लागले असावेत. कार्ड मंद आहे म्हणून टाइमआउट येत असते तर ते आधीही आले असते, आणि एक्स86 वरही दिसले असते. पॅनिक गेला आणि त्याच्या जागी टाइमआउट आला, हा योगायोग मी तरी मानणार नाही. एकच बग दोन दारांनी बाहेर पडतोय असं धरून मी पुढे बघेन. कोणत्याही फिक्समध्ये "आणि सोबत हेही थोडं बदललं" असं दिसलं की मी आधी तिथे थांबतो. मूळ कारण हाताला लागलं नसेल तर बहुतेक वेळा त्याची खूण अशाच जोडबदलात सापडते.

आता एआरएमचा मुद्दा. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, पण माझ्या मते सगळी चौकशी तिथूनच सुरू व्हायला हवी.

एनव्हीएमईसारख्या रचनेत कार्ड मेमरीतल्या एका गोल रांगेत कम्प्लिशनच्या नोंदी लिहितं. एनव्हीएमईत ही नोंद 16 बाइटची असते. तिच्यात कमांडचा आयडी असतो (टॅग याच्यातच येतो), स्टेटस असतं आणि 'फेज' नावाचा एक बिट असतो. रांगेची एक फेरी पूर्ण झाली की या बिटची किंमत उलटते. ड्रायव्हर फेज बघतो. तो अपेक्षेप्रमाणे असेल तर नोंद नवी आहे असं समजून आयडी वाचतो. सी भाषेत हे सरळ दिसतं: आधी 'इफ', मग आत आयडी. पण प्रोसेसरला हा क्रम पाळायचं बंधन नसतं. एआरएमवर प्रोसेसर शाखेचा, म्हणजे 'इफ' खरा ठरेल का याचा, अंदाज बांधून आतलं वाचन आधीच करून ठेवू शकतो, आणि दोन वाचनांच्या मध्ये नुसता 'इफ' असल्याने त्यांचा क्रम पक्का होत नाही. म्हणजे असं घडू शकतं: आयडी वाचला गेला तेव्हा त्या जागी मागच्या फेरीतली जुनी नोंद होती, टॅग 7. तेवढ्यात कार्डाने नवी नोंद लिहिली, टॅग 23. मग फेज वाचला गेला, तो नवा निघाला. ड्रायव्हर समजतो, "टॅग 7 चं काम झालं."

एक्स86 वर प्रोसेसर दोन वाचनांची अशी अदलाबदल उघड होऊ देत नाही. कंपायलरने क्रम बदलला नसेल तर तिथे हा बग वर्षानुवर्षं झोपून राहील. त्यामुळे "आमच्या लॅबमध्ये येत नाही" या वाक्याने इथे काहीच सिद्ध होत नाही.

यावरचा उपाय जुना आहे: फेज तपासल्यानंतर आणि बाकीची नोंद वाचण्याआधी डीएमए-आरएमबी हा वाचनाचा बॅरिअर, म्हणजे आधीचं वाचन झाल्याशिवाय पुढचं होऊ न देणारी सूचना. मुख्य कर्नलच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये नेमक्या याच जागी तो आहे आणि का आहे हे सांगणारी टिप्पणीही आहे. तोसुद्धा तिथे पहिल्या दिवसापासून नव्हता. एका आर्किटेक्चरवर ड्रायव्हर शिळी नोंद वापरतोय हे दिसल्यावर तो घालावा लागला. एनव्हीएमईच्या धर्तीवर लिहिलेले घरगुती ड्रायव्हर अनेकदा जुन्या आवृत्तीची नक्कल असतात आणि नंतर आलेल्या दुरुस्त्या त्यांच्यापर्यंत पोचलेल्या नसतात. तुमच्या ड्रायव्हरमध्ये फेज वाचणाऱ्या ओळीखाली हा बॅरिअर आहे का, हे बघायला पाच मिनिटं लागतील. रिव्ह्यूची सुरुवात तिथून करा, जरी ती ओळ या पॅचमध्ये नसली तरी. डिफमध्ये (बदललेल्या ओळींत) दिसतं तेवढंच वाचायचं ठरवलं तर हा बग कधीच दिसणार नाही.

समजा बॅरिअर नाही. मग टॅग 7 च्या चुकीच्या घोषणेनंतर काय होतं? टेबलात टॅग 7 रिकामा असेल तर नल, म्हणून पॅनिक. नल-चेक घातला तर ती नोंद फेकली जाते. पण ती नोंद खरी होती, टॅग 23 ची होती. ती आता परत येणार नाही. टॅग 23 ची रिक्वेस्ट वाट बघत बसते आणि 30 सेकंदांनी टाइमआउट होते. हेच ते दुसरं दार. टाइमआउट 120 केल्याने एवढंच होईल की अ‍ॅप्लिकेशन अर्ध्या मिनिटाऐवजी दोन मिनिटं लटकून राहील.

आणि टॅग 7 रिकामा नसेल तर? देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्ला आठवा. सातव्या क्रमांकाचा बिल्ला तुम्ही परत केला, तो लगेच दुसऱ्याला दिला गेला, आणि आता कोणीतरी जुन्या हिशोबाने "सात नंबर" पुकारलं. बिल्ला खरा आहे, चपला मात्र दुसऱ्याच्या. ड्रायव्हरमध्ये याचा अर्थ असा की नुकतीच सुरू झालेली, कार्डाने अजून हातही न लावलेली एक वेगळीच रिक्वेस्ट "यशस्वी" म्हणून वर कळवली जाते. ते रीड असेल तर बफरमध्ये आधी जे काही पडलं होतं तेच अ‍ॅप्लिकेशनला फाइलमधला डेटा म्हणून मिळतं. राइट असेल तर प्रकरण आणखी नाजूक. कर्नल ते पान मोकळं समजून दुसऱ्या कामाला देऊ शकतो, आणि कार्ड नंतर डीएमए करून (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वाचून) तिथलं जे असेल ते डिस्कवर उतरवतं. यात कुठेही नल नाही, पॅनिक नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही.

आता हे लोडशी जोडून बघा. लोड जितका जास्त तितके टॅग वापरात, आणि टॅग रिकामा सापडण्याची शक्यता तितकी कमी. म्हणजे तुम्हाला जो पॅनिक दिसला तो या बगचा सभ्य प्रकार होता. एका पॅनिकमागे किती चुकीची कम्प्लिशन निमूटपणे होऊन गेली असतील हे कोणी मोजलेलंच नाही. सहकाऱ्याचा नल-चेक फक्त आवाज करणारा प्रकार बंद करतो आणि गप्प राहणारा तसाच ठेवतो. स्टोरेजमध्ये हा सौदा मी कधीच करत नाही. पॅनिकनंतर मशीन उठतं, फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही) रीप्ले होतं, दहा मिनिटांत काम परत सुरू होतं. चुकीचा डेटा तीन महिन्यांनी बॅकअपमध्येही सापडतो.

हे सगळं अजून अंदाजच आहे, म्हणून सिद्ध करायचा स्वस्त मार्ग सांगतो. पॅचमधल्या त्या नल-चेकच्या आत, नोंद सोडून देण्याआधी, एक डीएमए-आरएमबी घाला, तीच नोंद मेमरीतून पुन्हा वाचा, आणि आधी वाचलेला आयडी व आत्ता वाचलेला आयडी दोन्ही लॉगमध्ये छापा. सोबत रांगेतला क्रमांक आणि फेज. दोन आयडी वेगळे निघाले तर वाद संपला, वाचनाचा क्रमच चुकतोय. आयडी एकच निघाला तर माझा अंदाज चुकीचा आणि कार्डाने खरोखरच नको तो आयडी पाठवलाय. सहकाऱ्याशी अर्धा दिवस तात्त्विक चर्चा करण्यापेक्षा ही एक ओळ छापून घेणं बरं.

त्यासोबत जुने क्रॅश लॉग मागवा आणि एकच गोष्ट बघा: पॅनिकच्या आधी टाइमआउटची ओळ आहे का? नसेल तर वरचीच शक्यता बळावते. असेल, आणि दरवेळी असेल, तर गोष्ट वेगळी आहे. मग कमांड टाइमआउट झाली, ड्रायव्हरने तिला मृत समजून टॅग मोकळा केला, आणि कार्डाने नंतर सावकाश तिचं उत्तर दिलं.

हा दुसरा प्रकार असेल तर रिव्ह्यू टाइमआउट हँडलरचा करावा लागेल, आणि तिथे मी फक्त मालकी बघतो. कमांड कार्डाला दिली त्या क्षणापासून तो बफर कार्डाचा. कार्डाने परत केला तरच, किंवा कार्ड बंद करून ते आता मेमरीला हात लावणार नाही याची खात्री झाली तरच, तो आपला. वेळ संपली म्हणून मालकी आपोआप परत येत नाही. मुख्य कर्नलचा एनव्हीएमई ड्रायव्हर टाइमआउटला काय करतो ते बघण्यासारखं आहे. तो आधी रांग स्वतः तपासून बघतो, कदाचित इंटरप्ट (काम झाल्याचा कार्डाचा इशारा) हरवला असेल आणि नोंद तिथेच पडून असेल. नसेल तर अ‍ॅबॉर्ट कमांड पाठवतो आणि रिक्वेस्टला पुन्हा वेळ देतो. तरीही उत्तर नाही आलं तर कंट्रोलर रीसेट करतो. रिक्वेस्ट मोकळ्या होतात त्या कंट्रोलर बंद केल्यानंतर. अ‍ॅबॉर्ट हे आश्वासन नसतं, कार्ड प्रयत्न करून बघतं एवढंच. "अ‍ॅबॉर्ट पाठवला, आता रिक्वेस्ट मोकळी करू" असा कोड दिसला तर तिथे लाल पेन चालवा.

उशिरा येणाऱ्या किंवा खोट्या कम्प्लिशनविरुद्ध एक चांगली युक्तीही तिथे आहे. 2021 मध्ये एनव्हीएमई ड्रायव्हरने 16 बिटांच्या कमांड आयडीतले वरचे 4 बिट पिढीचा क्रमांक म्हणून वापरायला सुरुवात केली आणि खालचे 12 टॅगसाठी ठेवले. टॅग तोच असला तरी पिढी जुळली नाही तर ती नोंद नाकारली जाते. वरच्या उदाहरणातला जुना टॅग 7 बहुतेक वेळा तिथेच पकडला गेला असता. पण हा बदल आल्यावर अ‍ॅपलचे काही कंट्रोलर चालेनासे झाले, कारण ते आयडी थेट आपल्या आतल्या टेबलाचा क्रमांक म्हणून वापरत होते आणि मोठा आकडा त्यांना चालेना. त्यांच्यासाठी लगेच अपवाद करावा लागला. तुमच्या कार्डावर हे करायचं ठरवलं तर फर्मवेअरवाल्यांना आधी विचारा. आणि ही युक्ती बॅरिअरची जागा घेत नाही, चार बिटांना फक्त 16 पिढ्या माहीत असतात.

फर्मवेअरवाल्यांना गाठलंच आहे तर एक आणखी विचारून घ्या: कम्प्लिशनची नोंद लिहिताना कार्ड पीसीआय-एक्सप्रेसचा रिलॅक्स्ड ऑर्डरिंग बिट (क्रम मोडायची मुभा देणारा) लावतं का? लावत असेल तर ती नोंद डेटाच्या आधी मेमरीत पोचू शकते. मग ड्रायव्हरमध्ये कितीही बॅरिअर घाला, उपयोग नाही.

टाइमआउट वाढवणं नेहमीच चूक असतं असं मात्र नाही. अ‍ॅमेझॉनच्या ईबीएस या क्लाउडमधल्या डिस्क एनव्हीएमई म्हणून दिसतात पण मागे नेटवर्क असतं, त्यामुळे तिथे टाइमआउट शक्य तितका मोठा ठेवा असा सल्ला अ‍ॅमेझॉन स्वतःच देतं. तिथे कारण आहे आणि ते लिहिलेलंही आहे. तुमच्या पॅचमध्ये 120 हा आकडा कुठून आला हे कोणी सांगू शकेल का? कार्डाच्या एखाद्या कामाला खरंच 90 सेकंद लागतात असं मोजलं असेल तर तो वेगळा पॅच, वेगळ्या कारणासह. नाहीतर काढून टाकायला सांगा.

लॉक बरोबर दिसतात असं तुम्ही म्हणता, असतीलही. ते लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू करून तपासून घ्या, डोळ्यांवर विसंबू नका. मी फिक्सच्या रिव्ह्यूत त्याहून जास्त वेळ चुकांच्या वाटेवर (काही बिघडल्यावर चालणाऱ्या कोडवर) घालवतो. उदाहरणार्थ, रीसेटच्या वाटेवर कोणी साधी जीएफपी-कर्नल मेमरी मागितली आहे का? मेमरी कमी असेल तर कर्नल पानं डिस्कवर लिहून जागा करायला जाईल, आणि ती डिस्क म्हणजे आपण रीसेट करत असलेलंच कार्ड असेल. दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. तिथे नोआयओ प्रकार लागतो, जो मेमरीसाठी डिस्ककडे जात नाही.

आणि वर काय कळवलं जातं ते. रद्द झालेली फ्लश कमांड (डेटा कार्डावर पक्का करायला सांगणारी) चुकून "यशस्वी" म्हणून गेली तर डेटाबेसला एफसिंकचं, म्हणजे "डेटा डिस्कवर पक्का कर" या मागणीचं, खोटं उत्तर मिळतं. एफसिंकचं अपयश किती गंभीरपणे घ्यायचं यावर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांनी 2018 मध्ये बरीच चर्चा केली, आणि शेवटी एफसिंक फसला तर पुन्हा प्रयत्न न करता डेटाबेसच पॅनिक करून (बंद पाडून) पुन्हा उभा करायचा असं ठरवलं. वरची मंडळी तुमच्या एका स्टेटस कोडवर एवढे मोठे निर्णय घेतात.

टेस्टबद्दल. "रात्रभर चालवली, पॅनिक नाही" या वाक्यात टेस्टने फक्त पॅनिक आहे का ते बघितलं. डेटा बरोबर आहे का हे कोणी विचारलं? एफआयओ (डिस्कवर लोड टाकणारं टेस्टचं साधन) पडताळणी चालू करून चालवा, सीआरसी32सी या चेकसमसह, लिहिलेलं परत वाचून. एआरएमवरच. कम्प्लिशनची रांग मुद्दाम लहान ठेवा, म्हणजे फेऱ्या लवकर होतील आणि शिळी नोंद भेटायची संधी वाढेल. माझा अंदाज बरोबर असेल तर सहकाऱ्याच्या पॅचसह ही टेस्ट कधीतरी पडताळणीत नापास होईल, आणि मग तुम्हाला कोणाशी वाद घालावा लागणार नाही. केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) जरूर चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तो प्रोसेसरवर चालणाऱ्या कोडचे मेमरी वापर तपासतो. कार्डाने डीएमए करून मोकळ्या पानावर लिहिलं तर ते त्याला दिसत नाही. त्यासाठी आयओएमएमयू कडक मोडमध्ये ठेवा, म्हणजे मॅपिंग (कार्डाला दिलेली त्या मेमरीची परवानगी) काढल्यावर कार्डाने हात लावला की लगेच फॉल्ट दिसेल. लेझी मोडमध्ये मधली थोडी वेळ मोकळी राहते.

मग नल-चेकचं करायचं काय? तो ठेवा, पण गप्प नको. अनोळखी आयडी आला म्हणजे ड्रायव्हर आणि कार्ड यांचा हिशोब फिसकटलाय. मुख्य कर्नल तिथे इशारा छापून पुढे जातो. घरच्या कार्डासाठी मी त्यापुढे जाऊन कंट्रोलर रीसेट करायला लावेन, कारण तुमच्याकडे फर्मवेअर दुरुस्त करायची सोय आहे आणि असा प्रसंग लपून राहण्यात कोणाचाच फायदा नाही.

वरून दबाव असेल, ग्राहक अडकलाय, आजच काहीतरी द्या, असं असेल तरी हा पॅच तात्पुरता म्हणूनही देऊ नका. बॅरिअरची एक ओळ नल-चेकपेक्षा लहान आहे. आणि ज्या ग्राहकाने एआरएमवर हा ड्रायव्हर लोडखाली चालवलाय त्याला डेटा तपासायला सांगावं लागेल, हे आत्ताच मॅनेजरच्या कानावर घाला. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस फाइल सिस्टिम असेल तर स्क्रब (सगळा डेटा चेकसमशी ताडून बघणं) चालवून बरंच कळेल. ईएक्सटी4 आणि एक्सएफएस डेटाचे चेकसम ठेवत नाहीत, तिथे अ‍ॅप्लिकेशनच्या पातळीवरच पडताळावं लागेल.

सहकाऱ्याला उत्तर देताना 'चूक आहे' एवढंच लिहून सोडू नका. त्याने पॅनिकची जागा शोधून काढली आहे, ते काम सोपं नव्हतं. बॅरिअर नाही असंच निघालं तर मी साधारण असं लिहीन: "नल-चेकची जागा बरोबर आहे, पण ही नोंद सोडून दिल्यावर तिची खरी रिक्वेस्ट कोण पूर्ण करतं ते मला सापडलं नाही. चेकनंतर दिसलेले टाइमआउट त्याच रिक्वेस्टचे असू शकतात का? फेज वाचल्यानंतर डीएमए-आरएमबी दिसत नाही. तो घालून, चेक नसताना, एआरएमवर एफआयओ पडताळणीसह चालवून बघूया. पॅच तीन करावेत: बॅरिअर पहिला आणि एकटा, 'फिक्सेस' ओळीसह (कोणता जुना बदल दुरुस्त होतोय ते सांगणारी), म्हणजे जुन्या आवृत्त्यांवर सहज नेता येईल. इशारा व रीसेट दुसरा. टाइमआउट तिसरा, मोजलेल्या आकड्यांसह, किंवा नाहीच." पहिल्या पॅचच्या संदेशात एआरएमवर काय दिसलं, एक्स86 वर का दिसत नाही आणि डेटावर काय परिणाम होऊ शकतो, या तिन्ही गोष्टी आल्या की माझी रिव्ह्यूड-बाय सही मिळेल. दोन आयडी छापणाऱ्या त्या लॉगचं उत्तर आलं आणि ते माझ्या अंदाजाविरुद्ध निघालं, तर टाइमआउट हँडलरचा कोड कंपनीच्या परवानगीने इथे टाका, तिथून पुढे बघू.